वॉर्डन मॅडमना उठवायला आम्हाला जवळजवळ दोन तास का लागले: वसतिगृह समितीस खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, वसतिगृह समितीचे सदस्य आणि संस्थेचे विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

नव्या वर्षासाठी मुलींच्या वसतिगृहात लावलेल्या सूचनेचा फोटो गेल्या आठवड्यात आमच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर आला. चार कलमं आहेत. मद्यप्राशन केलेली मुलगी आढळली तर त्याच दिवशी तिचा वसतिगृहातला प्रवेश रद्द आणि पालकांना बोलावणं. तिला 'पाठीशी घालणाऱ्या' खोलीतल्या इतर मुलींनाही तीच शिक्षा. फाटकावर ब्रेथ अ‍ॅनालायझर. वर्षाच्या सुरुवातीला व्यसनमुक्तीवर एक व्याख्यान आणि सामूहिक शपथ. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, कलमांच्या बाहेरची एक ओळ: आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या समुपदेशक यापुढे 'आवश्यकतेनुसार' येतील.

ग्रुपवर बहुतेकींना हे पटलं. 'आमच्या वेळी असं कडक असतं तर बरं झालं असतं', असंही कुणीतरी लिहिलं. आमच्या वेळी काय होतं ते मला पक्कं आठवतं. कार्यालयाला मी दोनदा मेल केली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे उघड पत्र.

मी या वसतिगृहात तीन वर्षं राहिले. त्यातली दोन वर्षं जिच्यासोबत खोली होती तिच्याविषयी लिहिणार आहे. नाव देत नाही. हे पत्र तिने आधी वाचलं आहे. दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

त्या रात्री ती साडेअकराला आली. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये तिने स्वतः सही केली, नेहमीसारखी, नावाखाली रेघ ओढून. जिना चढली. चपला जागेवर ठेवल्या. मला म्हणाली, "उद्या सातला उठव." आणि आडवी झाली. साडेबाराच्या सुमारास तिला झोपेतच उलटी झाली, आणि त्यानंतर ती काही केल्या उठेना. हाका मारल्या, चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं. शेजारच्या खोलीतल्या दोघी आल्या. एकीने कॉफी करून आणली. ती आम्ही तिच्या घशात ओतली नाही, हे आमचं नशीब, कारण त्या अवस्थेत माणसाला ठसका लागत नाही आणि पोटातलं असो की बाहेरचं, सरळ श्वासनलिकेत जातं. मी तिला कुशीवर वळवलं आणि पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक लावली. त्या रात्री मी केलेलं बरोबर काम तेवढं एकच.

मग आम्ही बसून ठरवलं की वॉर्डन मॅडमना उठवायचं नाही. तेव्हाही नियम होता, तुमच्या आताच्या नियमापेक्षा थोडा मऊ. शिस्त समिती, घरी पत्र, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर. "तिचं वर्ष जाईल." "आपलंही जाईल." "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल." हे तिसरं वाक्य माझं.

मी मोबाइलवर वेळ लावून तिचे श्वास मोजत बसले. मिनिटाला अकरा. थोड्या वेळाने नऊ. मग सात. दोन श्वासांच्या मधे मी आकडे मोजायला लागले आणि एकदा दहाच्या पुढे गेले. टॉर्चच्या उजेडात ओठ जांभळट दिसले. तेव्हा शेजारची मुलगी अनवाणी खाली पळाली. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मॅडमनी मात्र क्षणभर वेळ घालवला नाही. नाइट ड्रेसवर शाल ओढून त्या स्वतः गाडीत बसल्या. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वाजल्यापासून अशी आहे? मी म्हटलं, आत्ताच, पंधरा-वीस मिनिटं. तिच्या जिवावर बेतलं होतं तरी मी प्रवेश रद्द व्हायच्या भीतीने डॉक्टरांशी खोटं बोलले. तेव्हा मी वीस वर्षांची होते.

आता तुमच्या दुसऱ्या कलमाकडे येते, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार त्याच्याविषयी आहे. 'पाठीशी घालणाऱ्या' मुलींना शिक्षा, असं तुम्ही म्हणता. रात्री एक वाजता बेशुद्ध मुलीच्या शेजारी बसलेली मैत्रीण या शब्दात बसते की नाही, ते सूचनेत लिहिलेलं नाही. ती आपल्या परीने अर्थ लावणार: मला माहीत होतं हे कळलं की मीही गेले. मग ती दार आतून लावून घेणार. आणि अशा वेळी वाट बघण्यासारखं घातक काही नाही. पिणं थांबलं म्हणून रक्तातली दारू वाढायची थांबत नाही. पोटात आणि आतड्यात जे आहे ते पुढेही रक्तात उतरतच राहतं. साडेबाराला जी फक्त गाढ झोपलेली दिसते, ती दीडला श्वास विसरू शकते. यकृत ढोबळमानाने तासाला एकच स्टँडर्ड ड्रिंक निकालात काढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ते 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. कॉफीने, थंड पाण्याने, चालवून-फिरवून तो वेग वाढत नाही. वसतिगृहाच्या खोलीत कॉफीच्या मगात अंदाजाने ओतलेलं पेय किती स्टँडर्ड ड्रिंक असतं, ते ओतणारीलाही ठाऊक नसतं.

यावर उपाय नवा नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये नियम केला की दारूमुळे कुणाची तब्येत बिघडली आणि मदत मागितली गेली, तर मागणाऱ्यावर आणि आजारी पडलेल्यावर शिस्तभंगाची नेहमीची कारवाई होणार नाही. मदतीसाठी येणारे फोन वाढले. पिणं वाढल्याचं दिसलं नाही. आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की अशा प्रसंगानंतर आरोग्य केंद्रात जाऊन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण दोन वर्षांत दुपटीहून जास्त झालं. म्हणजे तो नियम पहिल्यांदा जीव वाचवायला उपयोगी पडला आणि मग पिण्याविषयी बोलायला.

'पण आमचं यंत्र असतं तर ती फाटकावरच सापडली असती', असं तुम्ही म्हणाल. कदाचित. पण यंत्र आहे हे माहीत असतं तर ती त्या रात्री परतलीच नसती. कुठेतरी कुणाच्या तरी खोलीत झोपली असती, पाठीला सॅक न लावता. यंत्र फाटकावरच्या त्या क्षणी श्वासात किती दारू आहे ते सांगतं. ती आठवड्यातून किती वेळा पिते, एकटी पिते का, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही का, यातलं काहीही ते सांगत नाही. वाढदिवसाला आयुष्यात पहिल्यांदा अर्धा ग्लास प्यायलेली, चेहरा लाल झालेली, फाटकावर खिदळणारी मुलगी यंत्राला नक्की सापडेल. माझी रूममेट एरवी बहुतेक वेळा खोलीतच प्यायची.

आणि तिला चढायची नाही. यावरून आम्ही तिचं कौतुक करायचो. 'हिची कपॅसिटी बघ.' चारजणींना जिन्यावरून धरून आणणारी तीच असायची. पुढे कितीतरी वर्षांनी मी मार्क शुकिट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाच्या कामाविषयी वाचलं. त्यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली, कुणावर किती परिणाम होतो ते नोंदवलं आणि त्याच लोकांना काही वर्षांनी पुन्हा गाठलं. तरुणपणी ज्यांना कमी चढत होती, त्यांच्यातच पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. ज्याला दोन पेगमध्ये गरगरतं त्याचं शरीर त्याला थांबवतं. ज्याला काही होत नाही त्याला कुणी थांबवत नाही, उलट पुढच्या पार्टीचं आमंत्रण मिळतं. ज्या गुणासाठी आम्ही टाळ्या वाजवत होतो तीच धोक्याची खूण होती.

दुसरी खूण आम्ही विनोदावारी नेली. सकाळी उठून ती विचारायची, "काल मी परत कशी आले गं?" आणि आम्ही हसून हसून बेजार. ती रात्रभर नीट बोललेली असायची, रिक्षाचे पैसे दिलेले असायचे, मला पांघरूण घातलेलं असायचं. हा ब्लॅकआउट. दारू रक्तात झपाट्याने चढली की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी साठवणं थांबवतो. माणूस शुद्धीत असतो, चालतो-बोलतो, पण त्यातलं काही मागे उरत नाही. तिच्या बाबतीत हे महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं. विसरणं नव्हतं ते, तिच्यापाशी विसरायला काही उरलेलंच नसायचं.

शिस्त समितीने तिला बारा मिनिटं समोर बसवलं. मी बाहेर बाकावर होते, घड्याळ समोर होतं. तीन प्रश्न विचारले गेले: कुणी आणली, कुठे प्यायलीस, बरोबर कोण होतं. किती दिवसांपासून पितेस आणि कशासाठी, हे विचारलं गेलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं ती आज म्हणते. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापासून तिला झोप येत नव्हती. दारूने डोळा लागायचा, पण पहाटे चारला छाती धडधडत जाग यायची. दारूची झोप तशीच असते. पहिला भाग गाढ, उरलेली तुटक, आणि उतरताना येणारी अस्वस्थता आदल्या दिवशीपेक्षा जास्त. मग दुसऱ्या रात्री पुन्हा. मजेसाठी पिणारे आणि काहीतरी दाबण्यासाठी पिणारे सारखीच पीत असले तरी दुसऱ्यांचं पिणं हाताबाहेर जायची शक्यता जास्त असते. या दोहोंमधला फरक एका साध्या प्रश्नाने कळतो. तिच्याकडून लेखी हमी घेतली गेली आणि फाइल बंद झाली. तीन आठवड्यांनी तिने परीक्षा दिली, पहिला वर्ग मिळवला. सगळ्यांना वाटलं, सुधारली.

तुमच्या सूचनेत 'व्यसनी विद्यार्थिनी' असा शब्द दोनदा आला आहे. जणू एका बाजूला व्यसनी आणि दुसऱ्या बाजूला बाकीच्या चांगल्या घरच्या मुली. डॉक्टर आता असं बघत नाहीत. 2013 च्या डीएसएम-5 या मानसोपचाराच्या वर्गीकरणात 'दुरुपयोग' आणि 'अवलंबन' ही दोन खाती मोडून एकच पट्टी केली. 11 लक्षणं. वर्षभरात त्यातली दोन-तीन दिसली तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा अधिक तर तीव्र. ठरवलं त्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, अभ्यासाची कामं राहून जाणं, भांडणं होऊनही चालू ठेवणं, आवडीच्या गोष्टी सुटणं. यासाठी रोज प्यावं लागत नाही, सकाळी हात थरथरावे लागत नाहीत. तरुण वयातल्या बहुतेकांची अडचण रोजच्या पिण्याची नसतेच. पाच दिवस कोरडे आणि सहाव्या दिवशी दोन तासांत चार-पाच किंवा त्याहून जास्त, अशी ती असते. त्यामुळे प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगू शकतो, मी कुठे रोज घेतो?

एक विश्वस्त मागे खाजगीत म्हणाले होते की हे वयच तसं, नोकरी-संसार लागला की सुटतं. त्यात तथ्य आहे. पंचविशी-तिशीत बरेच जण आपसूक कमी करतात. पण कोण कमी करणार आणि कोण नाही हे आधी दिसत नाही, आणि काहींच्या बाबतीत तितकी वर्षं हातात नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात 20 ते 39 या वयोगटातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे 13 टक्के मृत्यूंमागे दारू आहे. या वयात यकृत निकामी व्हायला वेळ लागतो. रस्ता, पाणी, उंच गच्ची, मारामारी, आत्महत्या आणि ती एक रात्र, यांना लागत नाही.

व्याख्यान आणि शपथ यांविषयी थोडक्यात. सडलेल्या यकृताची चित्रं आम्हीही पाहिली. त्या संध्याकाळी मागच्या रांगेतल्या निम्म्याजणी प्यायल्या, शपथेचा कागद पर्समध्ये ठेवून. त्यापेक्षा साधी माहिती जास्त कामाची ठरते. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी 1986 मध्येच दाखवलं होतं की इतर जण किती पितात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फुगलेला असतो. 'सगळेच पितात' असं वाटतं म्हणून न पिणारी स्वतःलाच विचित्र समजते. तुमच्या भाषणात 'आजकालची पिढी दारूत बुडाली आहे' हे वाक्य आलं की हा फुगा तुम्हीच आणखी फुगवता.

राहिली ती बारीक अक्षरांतली ओळ. समुपदेशकांना कमी करण्याचं कारण मला कार्यालयातून कळलं: 'फारशा मुली येत नव्हत्या.' मी सांगते का येत नव्हत्या. आमच्या वेळी ती खोली शिस्त विभागाच्या शेजारी होती. आत जायच्या आधी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव, वर्ग, खोली क्रमांक आणि 'भेटीचे कारण' लिहायचं. वही उघडीच असायची, पेन दोऱ्याने बांधलेलं. माझी रूममेट एकदा तिथवर गेली होती. वरच्या रकान्यात ओळखीच्या मुलीचं नाव आणि पुढे 'घरगुती' हा शब्द तिने वाचला, आणि 'प्रवेशपत्राची चौकशी' असं सांगून परत आली. आता आलेल्या मुलींनी सांगितलं, वही तिथेच आहे.

या खोलीत खरं तर फार मोठं काही करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली आहे. दहा प्रश्न, चाळीस गुण, भरायला चहा निवण्याइतका वेळ. आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय असं समजतात. आठवा प्रश्न विचारतो की आदल्या रात्रीचं आठवलं नाही असं किती वेळा झालं. दहावा विचारतो की कुणी काळजीने पिणं कमी करायला सांगितलंय का. वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात नव्या विद्यार्थ्यांसाठी अशाच धर्तीवर थोडक्यात काम केलं. प्रवचन नाही, धाक नाही. मुलाच्या स्वतःच्या उत्तरांचा आरसा त्याच्यासमोर धरायचा आणि तुला काय वाटतं ते विचारायचं. जास्त पिणाऱ्यांचं पिणं आणि त्यातून होणारे घोटाळे कमी झाले आणि तो फरक दोन वर्षांनीही दिसत होता. तुमच्या यंत्राच्या देखभालीपेक्षा हे अवघड नाही. आणि ज्या मोजक्या मुलींना रोजची सवय लागलेली असेल त्यांना शपथ देऊन एका दिवसात बंद करायला लावू नका. अशा शरीरात दारू एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

वसतिगृहात दारूला परवानगी द्या, असं मी म्हणत नाही. दारू आणणं, दुसरीला आग्रहाने पाजणं, पिऊन त्रास देणं, यांवर कारवाई जरूर करा. पालकांचे फोन पहिल्यांदा तुम्हाला येतात, बातमी झाली तर नाव तुमचं जातं, हेही मला समजतं. माझ्या मागण्या अशा:

दुसरं कलम आजच काढा. त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा की दारूमुळे कुणी बेशुद्ध झालं आणि मदत मागितली गेली, तर मागणारीवर आणि आजारी मुलीवर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. तिला नंतर समुपदेशकांकडे जावं लागेल, एवढीच अट.

समुपदेशकांचे तीन दिवस परत द्या, ती खोली शिस्त विभागापासून हलवा आणि वही बंद करा. तिथे बोललेलं वॉर्डन, कार्यालय किंवा घर यांच्यापर्यंत मुलीच्या परवानगीशिवाय जाणार नाही, अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा, हे लेखी द्या.

प्रत्येक मजल्यावर एक कागद लावा: हाक मारून उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, अंग गार, ओठ निळसर, झोपेत उलटी, झटके. यातलं एक जरी असलं तरी कुशीवर वळवा, एकटी सोडू नका, रुग्णवाहिका बोलवा. खाली रात्रीचा फोन नंबर. वॉर्डन आणि रखवालदारांना हे प्रत्यक्ष करून दाखवा.

शपथेऐवजी पहिल्या महिन्यात प्रत्येकीला ती दहा प्रश्नांची प्रश्नावली बिननावाची भरू द्या. गुण तिचे तिलाच कळू देत.

यंत्र ठेवायचं तर ठेवा. त्यावर माझा जीव अडलेला नाही.

माझी रूममेट सव्वीस वर्षांची असताना स्वतः उठून डॉक्टरांकडे गेली. मधली सहा वर्षं कशी गेली, ते तिने काढायला सांगितलेल्या दोन वाक्यांत होतं. समितीच्या पुढच्या बैठकीला बोलावलंत तर मी येईन. तिलाही विचारलं. म्हणाली, त्या बाकासमोरची खोली असेल तर नको, दुसरीकडे कुठे असेल तर येते.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी